बटण कशाला, डिव्ह आहे ना!

वेबसाइट बनवताय? मग पहिलं पथ्य: वेबपानं ज्या भाषेत लिहितात, त्या एचटीएमएलचं फार ऐकायचं नाही. भलतंच आगाऊ आहे ते. साधा बटण टॅग लिहा, की टॅब दाबत आलेला माणूस बरोब्बर तिथे पोचतो, एंटर चालतं, स्पेसबार चालतो, आणि अंधांना पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर 'अर्ज पाठवा, बटण' असं सांगून मोकळाही होतो. एवढं सगळं फुकटात? मग आपला पगार कशाचा? त्यापेक्षा डिव्ह, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेला रिकामा डबा घ्या, कोपरे गोल करा, खाली सावली टाका, क्लिकवर काम करणारं ऑनक्लिक चिकटवा. दिसायला हुबेहूब बटण, पण माउस न वापरणाऱ्याला जन्मात सापडणार नाही. आपण कुठे आहोत ते दाखवत टॅबबरोबर फिरणारी ती चौकट डिझायनरच्या डोळ्यांत खुपत असेल, तर ती पुसणारं 'आउटलाइन नन' लिहून टाका. एका ओळीत काम तमाम.

फॉर्ममध्ये लेबल लावणं तर निव्वळ गावंढळपणा. 'आपले नाव' हे रकान्याच्या आतच लिहावं, फिकट राखाडी रंगात, पांढऱ्यावर. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट हवा, असं डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम म्हणतात. म्हणोत बापडे. पहिलं अक्षर टाइप केलं की ती सूचना गायब होते आणि इथे काय लिहायचं होतं, हे डोळसांनाही आठवत नाही. याला म्हणतात समानता! काही चुकलंच, तर रकान्याची कड लाल करा. काय चुकलं ते लिहू नका. लोकांनी थोडं डोकं चालवावं.

आता मजकूर. सूचना नेहमी चित्र म्हणून टाकावी: कागदावर छापायची, सही-शिक्का मारायचा, मोबाइलने तिरका फोटो काढायचा आणि चढवायचा. चित्राला ऑल्ट मजकूर, म्हणजे स्क्रीन रीडरने वाचायचं वर्णन द्या, हे डब्ल्यूसीएजीवाले १९९९ सालच्या पहिल्या नियमावलीपासून सांगत आलेत. अगदीच पाठीस लागले, तर 'चित्र' असं लिहा. खोटं तर नाही ना ते?

चित्र जमत नसेल, तर इंग्रजी अक्षरांना देवनागरी मुखवटा चढवणारा जुना फॉन्ट कृतिदेव आहेच. युनिकोड या प्रमाणित पद्धतीत लिहिलेलं कुणीही वाचतं, शोधतं, कॉपी करतं. त्यात कसली आलीय गोपनीयता? कृतिदेवात 'कर' हा शब्द आतून इंग्रजी डी आणि जे असतो. म्हणजे पडद्यावर दिसणार 'मालमत्ता कर' आणि स्क्रीन रीडर लावून बसलेल्या अंध करदात्याला त्यातल्या कराच्या जागी ऐकू येणार डीजे! पालिकेने वाजवलेला एवढाच डीजे नियमात बसत असावा. युनिकोड वापरणं भागच पडलं, तर निदान पानाची भाषा इंग्रजी आहे असं जाहीर करा. मराठी बातमीला स्क्रीन रीडरचा इंग्रजी आवाज लागला, की तिला आपोआप आंतरराष्ट्रीय दर्जा येतो.

कायद्याचं म्हणाल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे, सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासूनची. डिजिटल सेवा सुगमपणे वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानेही ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितलं. निकाल वाचून घाबरू नका. तो स्कॅन करून साइटवर चढवा, म्हणजे ज्यांच्यासाठी दिला त्यांना वाचता येणार नाही.

आणि तरीही कुणी तक्रार केलीच, तर कोपऱ्यात हात पसरलेल्या माणसाचं ते सुगमतेचं निळं चिन्ह बसवा. दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग उलटे होतात, साहेब खूश होतात. लेबल, ऑल्ट, मथळे यांना हात लावायची गरजच पडत नाही. फक्त ते चिन्हही डिव्हमध्येच करायला विसरू नका.