एकाच नावाची दोन कार्डं विकताना लाज कशी वाटत नाही?

गेमची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक कार्डांत एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० घ्यायचं ठरलं की विषय मिटला, असं कुणालाही वाटेल. पण कुठलं ३०५०? २०२२ मध्ये आलेल्या ८ जीबीच्या कार्डात २५६० कोर (हिशेब करणारे छोटे भाग), १२८ बिटची मेमरी बस (मेमरीकडे जाणारा रस्ता) आणि सेकंदाला २२४ जीबी बँडविड्थ (त्या रस्त्यावरून जाणारा डेटा). २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोर, ९६ बिटची बस आणि १६८ जीबी बँडविड्थ. नुसती दोन जीबी मेमरी काढलेली नाही, कोर आणि बससुद्धा छाटलेत. तरी खोक्यावर मोठ्या अक्षरांत नाव तेच, ३०५०.

हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. २०१६ च्या जीटीएक्स १०६० मध्ये ६ जीबीला १२८० कोर होते आणि ३ जीबीला ११५२. जीटी १०३० मध्ये तर कहर केला. २०१७ चं कार्ड वेगवान जीडीडीआर५ मेमरीचं, ४८ जीबी बँडविड्थचं. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ वालं आणलं, बँडविड्थ १६.८ जीबी. जवळजवळ एक तृतीयांश! नावात एक अक्षराचाही फरक नाही. एएमडीने आरएक्स ५८० च्या नावाखाली २०४८ कोरचं कार्ड विकलं, मूळ ५८० मध्ये २३०४ होते. कुठल्या एका कंपनीला दोष द्यायची सोयच नाही, सगळे एकाच माळेचे मणी.

संताप याचा येतो की हे सगळं नेमकं स्वस्त कार्डांच्या बाबतीत होतं. ज्याच्या खिशात पैसा खुळखुळतो तो सगळ्यात वरचं कार्ड उचलतो आणि मोकळा होतो. जो पै-पै जोडून पीसी बांधतोय, एक भाग चुकला तर दुसरा घेण्याची ज्याची ऐपत नाही, त्याच्याच वाटेत सगळे खड्डे. पोरांनी गेम खेळण्यासाठी आधी मेमरी बसचा अभ्यास करायचा का? करावाच लागतो, म्हणून सांगतो: कार्डाचं नाव वाचून पैसे देऊ नका. स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात मेमरी किती, मेमरी कुठल्या जातीची, बस किती बिटची आणि पीसीआयई लेन (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या डेटाच्या वाटा) किती, या चार ओळी शोधा. चारपैकी एकही ओळ दिलेली नसेल तर ते कार्ड सोडा.

लेनचं मुद्दाम सांगतो, कारण तिथे फार लोक फसतात. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड बसतं लांबलचक १६ लेनच्या स्लॉटमध्ये, पण वापरतं फक्त ४ लेन. बोर्डवर पीसीआयईची ४.० आवृत्ती असेल तर कसंबसं निभावतं. मेमरी अवघी ४ जीबी, ती भरली की टेक्श्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) सिस्टिमच्या रॅममधून त्या चार लेनवरून ओढावे लागतात, आणि जुन्या ३.० वर तो रस्ता निम्म्याने अरुंद होतो. मग गेम अडखळतो. आता बघा, हे कार्ड घेणारा कोण? कमी बजेटवाला. त्याचा बोर्ड कुठला? बी४५० किंवा ए५२०, दोन्ही ३.० वाले. आणि बी५५० घेतला तरी वर एएमडीचा रायझन ५ ५५०० प्रोसेसर बसवला असेल तर परत ३.०च, कारण तो प्रोसेसरच ४.० देत नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी कार्ड काढलं त्यांच्याच मशीनवर ते लंगडं चालणार. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करायचा तर सगळा भार प्रोसेसरवर. ही गोष्ट खोक्यावर कुठे छापलीय, दाखवा.

प्रोसेसरच्या नावांतही तीच बनवाबनवी. रायझन ५ ५५०० आणि ५६०० शेजारी ठेवा. दोन्हींत सहा कोर, बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). ५५०० मध्ये १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी), ५६०० मध्ये ३२. गेमला कॅश लागते, त्यामुळे कोर सारखे असूनही फ्रेममध्ये फरक पडतो. त्याहून चीड आणणारं म्हणजे रायझन ७ ५७०० आणि ५७००एक्स. फरक नुसत्या एका एक्सचा दिसतो ना? प्रत्यक्षात एक्स नसलेल्यात कॅश निम्मी आणि पीसीआयई ३.०. इंटेलकडे कोअर आय३ १२१००एफ, १३१००एफ, १४१००एफ अशी तीन वर्षं, तीन 'पिढ्या' झाल्या. आत तेच चार कोर, आठ थ्रेड, फक्त क्लॉकचा कमाल वेग ४.३ वरून ४.५, मग ४.७ गिगाहर्ट्झ. नव्या पिढीच्या नावाखाली जास्त पैसे मोजण्यासारखं त्यात काही नाही, जो स्वस्त मिळेल तो घ्या. आणि शेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही हे लक्षात ठेवा. ग्राफिक कार्ड नंतर घेऊ म्हणाल तर तोपर्यंत स्क्रीन काळीच राहणार.

'आय७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम' अशा तयार मशीनच्या जाहिराती बघितल्या की तळपायाची आग मस्तकात जाते. आय७ म्हणजे कुठला आय७? उघडून बघावं तर ३७७०, २०१२ सालचा, डीडीआर३ रॅमवाला. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. वर सांगितलेला साधा १२१००एफ त्याला गेममध्ये सहज मागे टाकतो. पूर्ण मॉडेल नंबर लिहीत नाही त्याच्याकडून काहीही घेऊ नका. नंबर लपवतो म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहेच.

आता एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. इथे मात्र नुसते पैसे वाया जात नाहीत, बाकीचे भागसुद्धा जळू शकतात, म्हणून सगळ्यात जास्त राग याच्यावर. बाजूला चिकटवलेलं लेबल नीट वाचा. वर ठळक अक्षरांत '४५० वॅट' असतं. खाली बारीक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि प्रत्येकाखाली अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. तिथे २० अँपिअर लिहिलं असेल तर बारा गुणिले वीस, २४० वॅट. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवलेली, ज्यांचा तुमच्या कार्डाला काडीचा उपयोग नाही. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टला ३६ अँपिअरच्या आसपास मिळायला हवेत. मागच्या बाजूला ११५/२३० चं लाल सरकतं बटण दिसलं तर समजा आतली रचना जुनाट आहे, सरळ परत ठेवा.

'८० प्लस'चा शिक्का बघून निर्धास्त होणाऱ्यांनाही सांगायला हवं. तो शिक्का फक्त एफिशियन्सीचा, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के पुढे पोचते याचा. ओव्हरकरंट, ओव्हरव्होल्टेज, शॉर्टसर्किट यांपासूनचं संरक्षण आहे की नाही, कपॅसिटर (वीज स्थिर ठेवणारे भाग) कसले आहेत, त्याचं त्या शिक्क्यात अक्षरही नाही. मॉडेलचं आत उघडून केलेलं परीक्षण वाचल्याशिवाय एसएमपीएस घेऊ नये.

दुसरीकडे '८५० वॅटच घ्या' म्हणणारे शहाणेही काही कमी नाहीत. कशाला? आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, आय५ १२४००एफ पूर्ण जोरात ११७ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरूनही मशीन ३०० च्या आत राहतं. खरा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरून उरतो. त्याच पैशांत खोटा ८५० घेतलात तर ते पैसे नुसत्या आकड्याचे.

आणि कृपा करून ते डिस्कला वीज देणाऱ्या साटा कनेक्टरचं ग्राफिक कार्डाच्या सहा पिनमध्ये रूपांतर करणारं ॲडॉप्टर वापरू नका. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, एकूण ५४ वॅट. सहा पिनच्या सॉकेटमधून कार्ड ७५ वॅट मागू शकतं. क्षमतेपेक्षा जास्त करंट गेला की पिना तापतात आणि प्लास्टिक वितळतं. असलं ॲडॉप्टर कार्डाच्या खोक्यात घालून देणाऱ्यांना काय म्हणावं? एसएमपीएसमध्ये पीसीआयईची स्वतंत्र वायर नसेल तर तो त्या कार्डासाठी बनलेलाच नाही, विषय संपला. मॉड्युलर, म्हणजे वायरी काढता येणारा असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या वायरी त्याला लावू नका. टोक बसतं, पण पिनांची मांडणी वेगळी असते आणि हार्ड डिस्क क्षणात जाते.

रॅमचं दुखणं वेगळं, कारण इथे पैसे पूर्ण देऊनसुद्धा वेग मिळत नाही. १६ जीबीची एक स्टिक गळ्यात मारतात, 'पुढे दुसरी टाका' म्हणतात. डीडीआर४ ३२०० च्या एका स्टिकला सेकंदाला २५.६ जीबी, ८-८ च्या दोन लावल्या तर ५१.२. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर खेळणार असाल तर हा फरक जीवघेणा आहे. दोन स्टिक चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. मग बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम छापील वेगावर चालवणारी सोय) चालू करायचं, नाहीतर ३२०० ची रॅम अनेकदा २१३३ किंवा २६६६ वर, आणि ६००० ची ४८०० वर मुकाट चालत राहते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग दिसतो, लगेच तपासा. सीएल आकडाही बघा, त्यावरून रॅम उत्तर द्यायला किती वेळ लावते ते कळतं: सीएल गुणिले २००० भागिले वेग, उत्तर नॅनोसेकंदात. ३२०० सीएल१६ म्हणजे १०, ३२०० सीएल२२ म्हणजे १३.७५. दोन्हींच्या खोक्यावर '३२००' हेच ठळक.

एसएसडीवाले 'एम.२' एवढंच लिहून मोकळे होतात. एम.२ हा नुसता आकार झाला. आत साटा असेल तर सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या वर जाणार नाही, पीसीआयई ३.० वरचा एनव्हीएमई (जास्त वेगाची पद्धत) असेल तर ३५०० पर्यंत. बोर्डचा स्लॉट कुठला चालवतो तेही मॅन्युअलमध्ये बघावं लागतं, आणि काही बोर्डांवर एम.२ लावला की एखाददुसरा साटा पोर्ट बंद पडतो. स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणाऱ्या) ड्राइव्हवर छापलेला वेग पहिल्या काही जीबीपुरता असतो. ड्राइव्हची वेगवान कॅश भरली की मोठा गेम कॉपी करताना जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली घसरतो. त्यातही मॉडेल नंबर तोच ठेवून आतला कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) आणि फ्लॅश (डेटा साठवणारी चिप) गुपचूप बदलण्याचे प्रकार झालेत. परीक्षणाला पाठवायचा एक माल आणि गिऱ्हाइकाला दुसरा, याला शुद्ध फसवणूक म्हणतात.

कॅबिनेटबद्दल थोडक्यात. समोर अख्खी काच आणि काचेमागे तीन रंगीत पंखे असलेलं घेऊ नका, हवा आत यायला जागाच नसते. जाळीचं घ्या, दोन साधे पंखे पुढे, एक मागे. दिवे लावायचेच असतील तर तीन पिनचा ५ व्होल्टचा आणि चार पिनचा १२ व्होल्टचा हेडर (बोर्डवरची जोडणीची जागा) वेगळा असतो. ५ वाली पट्टी जबरदस्तीने १२ वर लावली की दिवे गेलेच. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या मापांशी आधीच ताडून बघा.

सगळे भाग बरोबर निवडूनही मशीन सुरू होत नाही, असंही होतं, आणि तेही बोर्ड बनवणाऱ्यांच्या आळसामुळे. बी४५० वर रायझन ५०००, किंवा बी६६० वर चौदाव्या पिढीचा इंटेल, दोन्ही चालतात, पण बायोस नवं असेल तरच. जुनं असेल तर पंखे फिरतात, स्क्रीन काळी. माणूस रॅम काढून घालतो, कार्ड काढून घालतो, प्रोसेसर मेला असं समजून परत पाठवतो. म्हणून बायोस फ्लॅशबॅकचं (पेन ड्राइव्हवरून नवं बायोस टाकायचं) बटण असलेला बोर्डच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. एसएमपीएसची २४ पिनची वायर आणि प्रोसेसरची पॉवर जोडायची, पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून बायोसची फाइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने त्यात टाकायची, ठरवून दिलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावून बटण दाबायचं आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. प्रोसेसर बसवलेला नसला तरी चालतं. हे बटण सगळ्यात स्वस्त बोर्डांवरून मात्र हमखास गायब असतं, आणि खोक्यावर आतल्या बायोसची आवृत्ती छापायचीही बहुतेकांना गरज वाटत नाही. दुकानदाराकडून ती लेखी घ्या, नाही दिली तर बोर्ड तिथेच ठेवा.