छंदाची हजेरी

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की कायद्याच्या विद्यार्थ्याला केवळ हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेला बसण्यापासून अडवता येणार नाही. २०१६ मध्ये अशाच कारणाने परीक्षेला बसू न दिलेल्या एका विद्यार्थ्याने आत्महत्या केली होती, त्या प्रकरणातून हा निकाल आला. निकाल होता वकिलीच्या अभ्यासक्रमापुरता. आमच्या घरच्या ग्रुपवर मात्र तो अख्ख्या शिक्षणव्यवस्थेचा निकाल लागल्यासारखा गाजला. मधे लग्नसराईत विषय मागे पडला होता. आता एप्रिल उजाडला, सांगलीतल्या कॉलेजांत हजेरी कमी भरलेल्यांच्या डिफॉल्टर लिस्टा लागल्या आणि वाद पुन्हा तापला.

एका बाजूला मामा. तीसेक वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. "पंचाहत्तर टक्क्यांची अट काढा, वर्गात मी आणि शिपाई एवढेच उरू." दुसऱ्या बाजूला त्यांचीच मुलगी, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. "बाबा, आत्ताही तेवढेच असतात. फक्त सह्या जास्त असतात." मग दोघांनी मिळून मला मधे ओढलं: तू सांग, तुमच्या जर्मनीत कसं असतं?

सरळ उत्तर दिलं तर मामेबहीण जिंकते. इथे आखेनला माझं उन्हाळी सत्र आत्ताच सुरू झालं. तिकडे उन्हाळा आणि परीक्षा, इकडे त्याच महिन्यात नवं वेळापत्रक, नवी वही आणि साडेआठपर्यंत टिकणारा उजेड. पहिल्या आठवड्यात मोठ्या सभागृहात पायऱ्यांवर बसायची वेळ येते. पण पुढून फिरत येणारा सह्यांचा कागद नाही, रोल नंबरचा पुकारा नाही. प्राध्यापक येतात, दीड तास शिकवतात, मुलं बाकावर बोटांनी टकटक करून दाद देतात आणि पांगतात. कोण आलं, कोण नाही, याची नोंद कुठेच होत नाही. प्रयोगशाळा आणि काही सेमिनार सोडले, तर सत्रभर वर्गाचं तोंड न पाहता परीक्षेला बसता येतं.

हे जर्मन रक्तातच आहे असं मात्र कुणी समजू नये. आखेन ज्या राज्यात येतं त्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियात २०१४ च्या कायद्याने बहुतेक विषयांत हजेरीची सक्ती करायलाच बंदी घातली होती. प्राध्यापकांतून त्यावर भरपूर ओरड झाली. सेमिनार म्हणजे चर्चा, आणि माणसंच नसली तर चर्चा भिंतींशी करायची का, असा त्यांचा सवाल. पुढे सरकार बदललं आणि २०१९ मध्ये ती बंदी उठवून निर्णय विद्यापीठांवर सोडला. म्हणजे मामा इथेही आहेत, मामेबहीणही आहे. मामांना हे कळवल्यावर त्यांनी अंगठ्याचे चार इमोजी पाठवले.

फरक आहे तो पुढे, परीक्षेत. पुण्यात इंजिनिअरिंग करताना आमच्या वर्गातला निम्मा माल परीक्षेच्या आदल्या रात्री तयार व्हायचा. मागच्या पाच वर्षांचे पेपर, एक गाईड, कटिंग चहा आणि कुणाच्या तरी रूमवर पहाटेपर्यंत बैठक. त्यातून प्रथम श्रेणी येई, आणि ती कुणाला खटकत नसे. अशा परीक्षेसमोर शिक्षक वर्गात काय करतो याचा पुरावा म्हणून एकच गोष्ट उरते, ती म्हणजे हजेरीपत्रक. त्यामुळे ते जपायचं, प्रॉक्सी पकडायची, सबमिशनच्या वेळी टर्म ग्रँटवरून, म्हणजे सत्र मान्य करायचं की नाही यावरून, पालकांना बोलावायचं. २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितली, तीही याच दुखण्यावर. मुलं खासगी क्लासमध्ये बसतात आणि कॉलेजात नाव तेवढं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोटाचा ठसा मागितला, पण मूल क्लासला का जातं हे कुणी विचारलं नाही.

इथली परीक्षा आदल्या रात्री निघत नाही. पेपरात व्याख्या विचारत नाहीत. आकडे बदलून तेच गणितही येत नाही. शिवाय बहुतेक अभ्यासक्रमांत एका विषयाला तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झालात की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम साधारणपणे जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही करता येत नाही. केटी घेऊन घेऊन, म्हणजे नापास विषय पुढच्या वर्षात ओढत, सहाव्या वर्षी डिग्री मिळवलेले आमचे सीनियर हे ऐकून गार झाले. एवढी धार परीक्षेला असेल तर हजेरी न घेणं परवडतं. धार नसताना हजेरी काढली तर मामा म्हणतात तेच होईल, याबद्दल मला शंका नाही.

आणि या मोकळेपणाची किंमत आहे, ती घरच्या चर्चेत कुणी मोजत नाही. जूनमध्ये तेच सभागृह अर्धं रिकामं असतं. कुणी रेकॉर्डिंगवर अभ्यास करतं, कुणी काम करतं, कुणी नुसतं गळून गेलेलं असतं. माझ्या वसतिगृहाच्या मजल्यावर आपल्याकडचाच एक मुलगा होता. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडायला लागला तसा तो हळूहळू दिसेनासा झाला. वर्गात गेला नाही, हे विद्यापीठाला कळायचं कारणच नव्हतं. कळलं ते सामाईक स्वयंपाकघरात: फ्रिजमधल्या त्याच्या कप्प्यातलं दूध कित्येक दिवस तसंच होतं आणि त्याचा कुकर कुणी हलवलेला नव्हता. शेजारच्या खोलीतल्या स्पॅनिश मुलीने दार वाजवलं. पुढे तो विद्यापीठाच्या समुपदेशकांकडे जाऊ लागला, आता बरा आहे. पण पुण्यात आठवडाभर दांडी मारली असती तर आमच्या क्लास टीचरनी दुसऱ्या सोमवारी घरी फोन लावला असता. तेव्हा त्या फोनचा संताप यायचा. त्यातली काळजी आणि पाळत वेगळी काढता येत नव्हती, हे खरं. पण फोन यायचा.

आता वादाचा जो भाग मला खरा महत्त्वाचा वाटतो तो. मामेबहिणीचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये आलं ते वनस्पतिशास्त्रामुळे नाही, योगामुळे. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा महाराष्ट्रात आधी स्वायत्त आणि २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही आला. पहिल्या वर्षाच्या सत्राला साधारण २२ श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, त्यातले २ सहअभ्यासक्रमाचे, म्हणजे मुलांच्या भाषेत 'सीसी'चे. एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, नाच, गाणं, चित्रकला यांतलं काहीतरी घ्यायचं. कल्पना ऐकायला छान आहे. कला-क्रीडेला अभ्यासक्रमात मान मिळावा ही मागणी जुनीच, आणि मीही कधीकाळी तिच्या बाजूने तावातावाने बोलले आहे. आता प्रत्यक्ष काय चालतं ते बघा. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. ते तास झाले याचा पुरावा हवा. म्हणून मामेबहिणीच्या वर्गाला ताडासनात उभं करून जिओ-टॅग फोटो काढतात, खाली तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश. फोटो झाला की निम्म्या मुली चटया गुंडाळतात. सत्राच्या शेवटी प्रत्येकीने स्पायरल बाइंडिंगचा अहवाल द्यायचा: प्रस्तावना, उद्दिष्टे, योगाचे महत्त्व, निष्कर्ष. झेरॉक्सवाल्याकडे तो तयार मिळतो, फक्त नाव बदलायचं.

ही मुलगी शाळेत असल्यापासून रोज पहाटे कृष्णेत पोहायला जाणारी. पोहणं कॉलेजच्या यादीत नाही, म्हणून योग. आणि योगाचा तास सकाळी सातला, म्हणून पोहणं बंद. श्रेयांकांपायी छंद गेला.

माझा कॉलेजातला छंद प्रकाशयोजनेचा. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमी ऑगस्टमध्ये चढायच्या, त्या काळात आमची हजेरी रसातळाला जायची आणि भरत नाट्य मंदिरात एकांकिकेचा पडदा पडला की आम्ही सबमिशनला पळायचो. करंडक १९६३ पासून चालू आहे; त्यातून मराठी रंगभूमीला किती माणसं मिळाली हे मी सांगायला नको. त्या तालमींना श्रेयांक नव्हते. अहवाल नव्हता. कॉलेजचं एक गळकं सभागृह होतं आणि त्याची किल्ली देणारे एक कनवाळू शिपाईमामा होते. रात्री नऊपर्यंत किल्ली मिळाली, की बाकीचं आम्ही बघून घ्यायचो.

इथे विद्यापीठ करतं ते शिपाईमामांचंच काम, फक्त पद्धतशीर. सत्राच्या तोंडावर विद्यापीठाच्या क्रीडा केंद्राची नोंदणी ठरल्या वेळी उघडते. बॅडमिंटनच्या जागा तर बघता बघता संपतात. आमच्या मजल्यावर त्या वेळेला सगळे लॅपटॉप उघडून रेल्वेच्या तत्काळ तिकिटाला बसावं तसे बसलेले असतात. फी थोडी. शिकवणारा बहुधा विद्यार्थीच, तासाच्या हिशोबाने मानधन घेणारा. आमच्या हॉलमध्ये माझा जोडीदार पीएचडी करणारा चाळिशीकडे झुकलेला गृहस्थ आहे, पलीकडच्या कोर्टवर पहिल्या वर्षाची मुलगी. कुणीही विद्यापीठाच्या संघात नाही, कुणाला तिथे जायचं नाही. सगळे वाईट खेळतात, मीही. त्याचे गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही. नाही गेलात तर तुमचे पैसे वाया, एवढंच. इथल्या विद्यार्थी वाद्यवृंदात मेकॅनिकलची आणि मेडिकलची मुलं सत्रभर सराव करून सत्राच्या शेवटी सिम्फनी वाजवतात. गुणपत्रिकेवर याची ओळही नसते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, चला, मुलांना पाठवा जर्मनीला. थांबा. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात इथे भारतीय विद्यार्थी सुमारे ४९ हजार होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. त्यांतल्या किती जणांना संध्याकाळ मोकळी मिळते? व्हिसासाठी खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ मिळतात. घरभाडं आणि आरोग्य विमा गेला की त्यात बॅडमिंटनची रॅकेट बसते, पण तिकडे गावी शैक्षणिक कर्जाचं व्याज चालू असतं. मग आठवड्याला वीस तास गोदामात, नाहीतर सायकलवरून जेवणाचे डबे पोचवायचे. आखेनच्या पावसात पाठीवर चौकोनी पेटी घेतलेला जो मुलगा दिसतो, तो अनेकदा आपलाच. त्याला हजेरीची सक्ती नाही, त्याच्या विद्यापीठाला चार पावलांवर हॉल आहे, आणि त्याला छंद नाही. वेळापत्रकाने मोकळीक दिली आणि खिशाने काढून घेतली. शिक्षणशुल्क या राज्यात घेत नाहीत, म्हणून आमच्यासारख्यांना निदान जमतं. शेजारच्या देशांत गेलेल्या मैत्रिणींचे हप्ते ऐकून पोटात गोळा येतो.

तेव्हा मामांना मी लिहिलं ते असं. पहिल्या वर्षाला आणि प्रयोगशाळेत हजेरी ठेवा, कारण अठराव्या वर्षी घराबाहेर पडलेल्या मुलाकडे कुणीतरी बघायला हवं. पुढच्या वर्षांत काढा, पण परीक्षा बदलल्याशिवाय नको. आणि सीसीचे श्रेयांक रद्द करून तेवढा वेळ संध्याकाळचा मोकळा सोडा, मैदानाचं आणि सभागृहाचं कुलूप रात्री नऊपर्यंत उघडं ठेवा. पाचला गेट बंद करणारी कॉलेजं छंद जोपासण्याचे अहवाल मागतात, हे काही बरोबर दिसत नाही.

मामांनी रात्री मोठा व्हॉइस मेसेज पाठवला. "अगं, परीक्षा बदला म्हणतेस, तसा पेपर काढायला आणि तपासायला माणूस कुठून आणू? माझी जागा मी निवृत्त झाल्यापासून भरलेली नाही. तिथे तासिका तत्त्वावर एक पोरगा येतो, पीएचडी झालेला, शिकवल्या तासाचे पैसे, तेही वेळेवर नाहीत. योगाचे फोटो तोच काढतो, अहवालही तोच तपासतो. त्याचे पैसे कुणी देत नाही. आता त्यालाच सांग, रात्री नऊपर्यंत सभागृह उघडं ठेव म्हणून."

यावर माझ्याकडे तोड नाही, कारण मामांचं बरोबर आहे. हजेरीची अट ठेवायची की काढायची, याला सरकारला दमडीही लागत नाही. एका परिपत्रकात काम होतं. परीक्षा सुधारायची तर प्राध्यापकांच्या जागा भराव्या लागतात. कोर्टापासून कुटुंबाच्या ग्रुपपर्यंत सगळे टक्क्यांवरच भांडत राहतात, त्यात सरकारची सोयच आहे. मामेबहिणीला मी एवढंच कळवलं, की दुसऱ्या वर्षी सीसीचा तास सकाळचा आला तर एनएसएस घे. त्यांचं काम बहुतेक रविवारी असतं, पहाटे नदीवर जाता येईल.