विटाळ पाळला, दुखणं लपवलं

कोल्हापुरातल्या आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एचपीव्ही लसीवरून, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूविरुद्धच्या लसीवरून, वाद चाललाय. वहिनीनं पुतणीला लस द्यायचं नुसतं सुचवलं आणि काकांनी लिहिलं, "ही तिकडच्या मोकाट पोरींसाठी. आपल्या पोरींवर अंबाबाईची कृपा आहे, घरचे संस्कार आहेत." खाली पटापट हात जोडले गेले.

तिकडची म्हणजे माझी लेकसुद्धा. तिला इथं आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये, माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी, शाळेतच लस दिली. शाळा नन्सनी काढलेली, वर्गात क्रूस. मी फॉर्मवर सही केली, विषय संपला. तिच्या चारित्र्याची चौकशी कुणी केली नाही.

काका, हा विषाणू संस्कार बघून येत नाही. जन्मात परक्या पुरुषाकडं न बघितलेल्या बाईलाही तो नवऱ्याकडून होतो. गर्भाशयमुखाचे साधारण ७० टक्के कॅन्सर एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांमुळं होतात. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. खेड्यापाड्यातल्या, उपासतापास करणाऱ्या बायका त्या. त्यांना मोकाट म्हणणार का? आणि लस तर आता पुण्यातच बनते.

मंगळवार पेठेतल्या माझ्या मावशीला पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं. तिनं काय केलं? देवघरात जायचं बंद केलं. सुनेला म्हणाली, दिवा तू लाव, मला अडचण आहे. नवरात्रात ओटी भरायलाही गेली नाही. या वयात कसली अडचण, असं घरातल्या एकानंही विचारलं नाही. डॉक्टरकडं नेलं तोवर कॅन्सर पसरला होता. विटाळाचे दिवस बोटांवर मोजणारं आमचं घर. बाईच्या रक्तावर एवढी बारीक नजर ठेवता, तर तीच नजर तिच्या जिवासाठी का नाही?

हे ऐकून इथली एक मैत्रीण म्हणाली, तुमचा धर्म फारच क्रूर. तेव्हा मात्र मी खवळले. २८ ऑक्टोबर २०१२ ला इथल्याच गॉलवेच्या हॉस्पिटलात बेळगावची गर्भवती सविता हलप्पनवार दगावली, ती कुणाच्या धर्मापायी? १७ आठवड्यांचा गर्भ वाचणार नव्हता. ती गर्भपात मागत होती, पण गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नाही म्हटलं. हा कॅथलिक देश आहे, असं एका सुईणीनं तिला सांगितलं. आपल्याकडं गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे. इथली बंदी उठवायला २०१८ चं सार्वमत लागलं, ६६ टक्के लोकांनी हो म्हटलं. आमच्या शेजारच्या आजीबाईंनीही हो म्हटलं, आणि रविवारी नेहमीसारख्या चर्चमध्ये मासला, म्हणजे प्रार्थनेला, गेल्या. देव न सोडता बाईचा जीव जपणं, मला हे आपल्याकडं हवंय.

कारण पाळीच्या दिवसांत मी अजूनही देव्हाऱ्यापुढं दिवा लावत नाही. इथं सासू नाही, बघणारं कुणी नाही, तरी हात पुढं होत नाही. तेवढंही सोडलं तर मी कोल्हापूरची कशी राहीन, याची भीती वाटते. पण स्मिअरचं, म्हणजे गर्भाशयमुखाच्या तपासणीचं, पत्र आलं की मी तारीख घेते.

वहिनी पस्तिशीच्या पुढं आहे, तिची एकदाही तपासणी झालेली नाही. पुतणीच्या लशीबरोबर तिला कोण घेऊन जाणार, तेवढं काका, आज ग्रुपवर ठरवा.