बायपासनंतर ठोके बिघडणार की नाही, हे इको ठरवत नाही

बायपास शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये एक संदेश बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा की शस्त्रक्रियेनंतर हृदयाचे ठोके अनियमित होणार की नाही, हे ‘स्ट्रेन’ (हृदयाच्या भिंतीचा ताण) मोजणारा विशेष इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आधीच अचूक सांगतो. हा अहवाल चांगला आला तर निर्धास्त राहावे आणि वाईट आला तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, किंवा निदान ठोके ताळ्यावर ठेवणारे औषध आधीपासून मागून घ्यावे, असा सल्ला त्यात दिलेला असतो. इतकी सोपी तपासणी असूनही ती सर्वांची होत नाही, हा निष्काळजीपणा असल्याचा आरोपही शेवटी केलेला असतो. या संदेशात खऱ्या संशोधनाचा एक धागा आहे आणि म्हणूनच तो सहज पटतो. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र एखाद्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात, म्हणून प्रत्येक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा अचूकतेचा आहे. ज्या अनियमित ठोक्यांविषयी आपण बोलत आहोत, त्यांना एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यात हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधील, म्हणजे कर्णिकांमधील, विद्युत्-संदेश विस्कळीत होतात, कर्णिका नीट आकुंचन पावण्याऐवजी थरथरत राहतात आणि नाडी वेडीवाकडी पडू लागते. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे 20 ते 40 टक्के रुग्णांमध्ये हे घडते. झडपेची शस्त्रक्रियाही सोबत असेल तर प्रमाण वाढते, आणि बहुतेक वेळा हा त्रास दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो. डावी कर्णिका आधीच ताणलेली, मोठी झालेली किंवा तंतुमय ऊतींमुळे ताठर झालेली असेल तर धोका वाढतो, हे खरे आहे. इकोमध्ये कर्णिकेचे आकारमान मोजता येते. शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रमाणात ते दर चौरस मीटरला 34 मिलिलीटरपेक्षा जास्त असेल तर कर्णिका मोठी झाली असे मानतात. स्ट्रेन त्यापुढे जाऊन कर्णिकेची भिंत प्रत्येक ठोक्याला किती ताणली जाते हे टक्क्यांमध्ये सांगतो, त्यामुळे आकार वाढण्यापूर्वीचा बिघाडही कधी कधी लक्षात येतो. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचे ठोके बिघडले त्यांचा शस्त्रक्रियेपूर्वीचा स्ट्रेन सरासरीने कमी होता, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. संदेशातील खरा धागा तो हाच.

पण दोन गटांच्या सरासरीत फरक असणे आणि समोरच्या एका माणसाविषयी भाकीत करता येणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. दोन्ही गटांतील आकडे एकमेकांत बरेच मिसळलेले असतात. केवळ समजण्यासाठी एक गणित मांडतो. समजा 100 रुग्णांपैकी 30 जणांचे ठोके पुढे बिघडणार आहेत, आणि आपली तपासणी अशा 70 टक्के रुग्णांना बरोबर ओळखते व न बिघडणाऱ्यांपैकीही 70 टक्क्यांना बरोबर वगळते. म्हणजे 30 पैकी 21 जण धोक्याच्या यादीत येतील, आणि उरलेल्या 70 पैकीही 21 जण चुकून त्याच यादीत येतील. धोका आहे असे सांगितलेल्या 42 जणांपैकी निम्म्यांना काहीच होणार नाही. धोका नाही असे सांगितलेल्या 58 जणांपैकी 9 जणांचे ठोके मात्र बिघडतील. अशा तपासणीला उपयुक्त म्हणता येईल, अचूक मात्र म्हणता येणार नाही.

मोजमापाच्याही मर्यादा आहेत. स्ट्रेनचा आकडा यंत्र, संगणकप्रणाली, प्रतिमेची स्पष्टता आणि तपासणीच्या वेळचा रक्तदाब यांनुसार बदलतो. कर्णिका चित्रात तिरकी पकडली गेली तरी तो चुकतो. शिवाय एखाद्या अभ्यासात 30 सेकंदांची अनियमितताही मोजली जाते, तर दुसऱ्यात उपचारांची गरज पडलेलीच मोजली जाते. त्यामुळे एका ठिकाणी ठरवलेली सीमारेषा दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी लावता येत नाही.

दुसरा दावा असा की अहवाल चांगला असेल तर निर्धास्त राहावे. मला हा सर्वांत घातक वाटतो. शस्त्रक्रियेपूर्वीचा इको त्या दिवशीचे हृदय दाखवतो, परंतु ठोके बिघडण्याची बरीचशी कारणे शस्त्रक्रियेनंतरच निर्माण होतात. शरीरभर उसळणारा दाह, वाढलेली ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरके, क्षारांचे बदलते प्रमाण, श्वसनाच्या अडचणी, ठोक्यांची गती आवरणारे बीटा ब्लॉकर औषध अचानक थांबणे आणि हृदयाच्या आवरणात साचणारे रक्त यांपैकी काहीही आधीच्या प्रतिमेत दिसू शकत नाही. याचा चांगला पुरावा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॅलॅक्स’ या चाचणीत मिळतो. तिच्यात 420 रुग्णांपैकी निम्म्यांच्या हृदयाच्या आवरणाला शस्त्रक्रियेच्या वेळी मागच्या बाजूने एक छेद देण्यात आला, जेणेकरून साचलेला द्राव फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत निघून जाईल. छेद दिलेल्यांपैकी 17 टक्के, तर न दिलेल्यांपैकी 32 टक्के रुग्णांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन आढळले. दोन्ही गटांतील कर्णिका शस्त्रक्रियेपूर्वी सारख्याच होत्या. नंतर बाहेर साचणाऱ्या द्रावाची व्यवस्था तेवढी वेगळी होती. आधीच्या एका चित्रात सगळे भविष्य दडलेले असते, तर केवळ एका छेदाने इतका फरक पडलाच नसता.

म्हणून चांगला इको असलेल्या रुग्णालाही पहिले काही दिवस मॉनिटरवर ठेवावेच लागते. घरी गेल्यावर छातीत धडधड, चक्कर किंवा दम लागणे जाणवले, तर ‘आमचा इको उत्तम होता’ असे म्हणून थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. अचानक तोंड वाकडे होणे, बोलताना अडखळणे किंवा हात-पाय लुळे पडणे यांपैकी काही दिसले, तर तातडीने रुग्णालय गाठावे, कारण थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते.

तिसरा दावा शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा आहे. बायपासचा निर्णय हृदयाच्या धमन्यांमधील अडथळ्यांवरून घेतला जातो. डाव्या मुख्य धमनीत गंभीर अडथळा असेल, तर प्रतीक्षेच्या काळात हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका खरोखरीचा असतो. वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने किंवा वयाने ताठर झालेली कर्णिका काही आठवडे थांबल्याने पूर्ववत होत नाही. म्हणजे धोका तसाच राहतो आणि त्यात दुसरा, अधिक मोठा धोका जोडला जातो. त्यातच शस्त्रक्रियेनंतरचे एट्रियल फिब्रिलेशन बहुतेकांमध्ये आटोक्यात येते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असा त्रास झालेल्या 523 रुग्णांपैकी काहींची फक्त ठोक्यांची गती आवरली गेली, तर काहींचे ठोके नियमित करण्याचा प्रयत्न झाला. 60 दिवसांनंतर पाहिले, तेव्हा पहिल्या गटातील सुमारे 94 आणि दुसऱ्या गटातील सुमारे 98 टक्के रुग्ण मागील 30 दिवस या त्रासापासून मुक्त होते. हा त्रास क्षुल्लक आहे असे मी म्हणत नाही. ज्यांना तो होतो त्यांच्यात पक्षाघाताचे आणि पुढे पुन्हा ठोके बिघडण्याचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे त्यांचा पाठपुरावा आवश्यकच असतो. परंतु त्याच्या भीतीने बायपास टाळणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

औषधाचा मुद्दा थोडा वेगळा आहे, कारण अमिओडारोन हे ठोके ताळ्यावर ठेवणारे औषध शस्त्रक्रियेच्या आसपास दिल्यास ठोके बिघडण्याचे प्रमाण कमी होते, हे सिद्ध झालेले आहे. मात्र हेच औषध ठोक्यांची गती फार मंद करू शकते, रक्तदाब उतरवू शकते, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढवू शकते आणि दीर्घकाळ घेतल्यास थायरॉइड व फुप्फुसांना अपाय करू शकते. ते कोणाला द्यायचे हे वय, यकृताचे कार्य, ईसीजी आणि सोबतची औषधे पाहून ठरते. स्ट्रेनचा आकडा त्या विचारात भर घालू शकेल, पण एकटा तो निर्णय घेऊ शकत नाही. रुग्णाने स्वतः लक्षात ठेवावी अशी गोष्ट यापेक्षा साधी आहे, ती म्हणजे आधीपासून चालू असलेले बीटा ब्लॉकर आपल्या मनाने बंद करू नये.

राहिला निष्काळजीपणाचा आरोप. बायपासपूर्वी साधा इको जवळजवळ सर्वांचाच होतो. त्यात हृदयाची आकुंचनक्षमता, झडपांचे दोष आणि कर्णिकेचा आकार पाहिला जातो, आणि झडपेचा दोष सापडला तर शस्त्रक्रियेचा आराखडाच बदलतो. प्रत्येकाचा स्ट्रेन मोजण्याचा आग्रह धरायचा, तर त्या आकड्यानुसार उपचार बदलल्याने रुग्णांचे भले होते हे आधी दाखवावे लागेल. तर्काला पटणारी गोष्ट प्रत्यक्षात उतरतेच असे नाही. दाह कमी केला की ठोके बिघडणार नाहीत, या अपेक्षेने 1,922 रुग्णांवर रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची चाचणी घेतली गेली, आणि 2016 मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा औषध घेतलेल्या व न घेतलेल्या दोन्ही गटांत प्रमाण सुमारे 21 टक्केच निघाले. स्ट्रेनलाही हीच कसोटी लावावी लागेल. धोका जास्त दिसलेल्या रुग्णांचे दोन गट करायचे, एकाला त्या आकड्यावर आधारित प्रतिबंधक उपचार द्यायचे, दुसऱ्याला नेहमीचे, आणि एट्रियल फिब्रिलेशन, पक्षाघात व औषधांचे दुष्परिणाम हे तिन्ही दोन्हींकडे मोजायचे.