भाऊजींचा लाल डब्बा

अमेरिकेतला जावई सुटीवर आला की बॅगेतून चॉकलेटं, बदाम आणि सासऱ्यांसाठी बीपीचं मशीन निघतं. 2007 च्या डिसेंबरात आमच्या भाऊजींच्या बॅगेतून एचडी डीव्हीडीचा प्लेअर निघाला. टॉवेलात गुंडाळलेला, चारी बाजूंनी ताईच्या साड्या कोंबलेल्या. सोबत चार-पाच सिनेमे, सगळे लाल डब्ब्यांतले.

“शंभर डॉलरच्या आत मिळाला,” भाऊजी म्हणाले. ते खरंच होतं. त्या नोव्हेंबरात वॉलमार्टनं हे प्लेअर त्या भावात काढले होते.

“इतकी नवी वस्तू इतकी स्वस्त कायले विकून राहिले?” आईनं विचारलं.

भाऊजींनी प्रश्न हसण्यावारी नेला आणि जेवताना आमचं बौद्धिक घेतलं. तिकडं म्हणे दोन तबकड्यांची जुंपली आहे. एकीकडं तोशिबाची एचडी डीव्हीडी, लाल डब्ब्यातली. दुसरीकडं सोनी आणि मंडळींची ब्ल्यू-रे, निळ्या डब्ब्यातली. दोन्हींत लेसर एकच, 405 नॅनोमीटरचा, निळसर जांभळा. पण हिचं मशीन तिला वाचत नाही आणि तिचं हिला. मग फरक काय, म्हणाल तर भाऊजींनी ताटातली पुरणपोळीच उचलली. 1.2 मिलिमीटर जाडीच्या तबकडीत एचडी डीव्हीडीचा माल, म्हणजे साठवलेला सिनेमा, मधोमध, 0.6 मिलिमीटर खोल, पुरणासारखा. जुन्या डीव्हीडीचंही तसंच, त्यामुळं जुन्या कारखान्यांत थोडा फेरफार केला की भागतं. ब्ल्यू-रेचा माल मात्र वरून जेमतेम 0.1 मिलिमीटरवर, पोळीवरच्या तुपासारखा. ओरखडा गेला की संपलं, म्हणून वर टणक लेप द्यावा लागतो.

“आणि मावतं कोणात जास्त?” बाबांनी विचारलं.

“आपल्यात एका थरात 15 जीबी.”

“अन् त्यांच्यात?”

“25,” भाऊजी पोळी खात खात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी यंत्र लावायला घेतलं. ते 110 व्होल्टचं, आपल्या भिंतीत 230. म्हणून मी आणि भाऊजी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणायला नागपूरच्या बाजारात, बर्डीवर. पहिल्या दुकानदारानं स्टॅबिलायझर दाखवला, दुसऱ्यानं इन्व्हर्टर. तिसऱ्यानं ट्रान्सफॉर्मर दिला, पण देताना “अमेरिकेचं सामान आहे का भाऊ? मंग वापसीची गोष्ट करू नका” असं बजावून. उचलताना माझी कंबर लचकली. चालू केल्यावर तो असा घुमायचा की शेजारच्या काकूंना वाटलं आमच्याकडं पिठाची चक्की आली.

मग टीव्ही. या प्लेअरचं खरं चित्र पाहायला एचडी टीव्ही लागतो. आमच्याकडं 21 इंची पिक्चर ट्यूब, मागं पिवळी-पांढरी-लाल पिन. भाऊजींनी पिना खोचल्या, सोफे मागं सरकवले, पडदे ओढले, दिवे मालवले. गल्लीतले पोट्टे दारात जमले होते. पडद्यावर चित्र आलं, पण कृष्णधवल! अमेरिकेचा सिग्नल एनटीएससी पद्धतीचा, आमचा टीव्ही जुना, फक्त इकडची ‘पाल’ पद्धत समजणारा. त्याला रंगच कळेनात.

“ब्लॅक अँड व्हाइटच पाहाचं होतं त आमचा शटरचा टीव्ही होता ना,” काका म्हणाले आणि उठून गेले. पोट्टेही पांगले.

खरं सांगायचं तर ज्या लढाईनं अमेरिकेतल्या दुकानदारांची झोप उडाली होती, तिची नागपुरात कोणाला वार्ताही नव्हती. इथं त्याच साली मोझर बेअर कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली होती. व्हीसीडीच्या एका तबकडीत 74 मिनिटं मावतात, म्हणजे हिंदी सिनेमाला दोन-तीन तबकड्या आल्याच. ताईच्या लग्नाची पहिली सीडी अंतरपाट धरलेला असताना संपते. दुसरी चालू होते तेव्हा पंगत बसलेली असते. लग्न लागताना आजवर कोणी पाहिलेलं नाही, पण तक्रारही कोणी करत नाही.

तिकडं मात्र प्रकरण हातघाईवर आलं होतं. सोनीनं प्लेस्टेशन 3 च्या पोटातच ब्ल्यू-रे बसवली होती. पोरानं गेमसाठी हट्ट धरला की बापाच्या घरात निळा डब्बा आपोआप. हॉलिवूडच्या स्टुडिओंपैकी पॅरामाउंट 2007 च्या ऑगस्टमध्ये लाल तंबूत गेलं, डिस्ने आणि फॉक्स निळ्या तंबूत. वॉर्नर मात्र दोन्हीकडं. अशा माणसाची किंमत आपल्या जिल्हा परिषदेच्या राजकारणात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वॉर्नरनं 4 जानेवारी 2008 ला जाहीर केलं की यापुढं फक्त ब्ल्यू-रे. लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनातली आपली पत्रकार परिषद एचडी डीव्हीडीवाल्यांनी रद्दच केली. भाऊजी तेव्हा इथंच होते. तर्रीपोह्याची प्लेट हातात, तर्री थंड होऊन वर तेलाचा तवंग आला तरी चमचा जागचा हलेना.

19 फेब्रुवारीला तोशिबानं एचडी डीव्हीडीचं दुकान बंद केल्याचं सांगितलं. तिला बाजारात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

मग ताईकडून कळलं, हे घराण्यातच आहे. भाऊजींच्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात दुबईहून बीटामॅक्स कॅसेटींचा व्हिडिओ प्लेअर मागवला होता. चित्र झकास, पण महाल भागातल्या व्हिडिओ लायब्ररीत सगळ्या कॅसेटी त्याच्या स्पर्धक व्हीएचएसच्या. भाऊजी मात्र खचणारे नाहीत. त्या मार्चमध्येच त्यांनी ब्ल्यू-रे प्लेअर घेतला, निळे डब्बे भिंतभर जमवले, आणि मग लोक सिनेमे इंटरनेटवरच पाहायला लागले.

परवा त्यांचा फोन आला होता, या खेपेला काय आणू म्हणून. आमच्या मागच्या गल्लीत एक डीजेवाला राहतो. लग्नसराईत रात्री दीडपर्यंत आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

“आणू काही नका,” ती म्हणाली, “पण पैसे असतील त इथं एक धंदा आहे, तो विकत घ्या.”