पेटंट म्हणजे चाचणीचा दाखला नव्हे

वैद्यकीय उपकरणे आणि गाड्यांच्या चोरीविरोधी यंत्रणा यांच्याविषयी एक संदेश सर्रास पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : ‘या यंत्राला पेटंट मिळाले आहे. सरकारी तज्ज्ञ तपासल्याशिवाय पेटंट देत नाहीत, म्हणजे ते काम करते हे सिद्ध झाले. ते सुरक्षित आहे. त्याची रचना गुप्त असल्याने चोराला ती भेदता येणार नाही. आणि पेटंट जागतिक असल्याने त्याला सर्वत्र मान्यता आहे.’ या चारही विधानांनी पेटंटच्या पदरी असे काही घातले आहे, जे कायद्याने त्याला कधीच दिलेले नाही. उपचारांचे निर्णयसुद्धा अशा संदेशांवर विसंबून घेतले जातात, म्हणून प्रत्येक विधान वेगळे तपासायला हवे.

पहिले विधान ‘तपासले, म्हणून सिद्ध झाले’ हे. पेटंट परीक्षकाच्या टेबलावर सहसा यंत्र नसतेच, अर्ज असतो. कल्पना नवी आहे का, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती सहज सुचली असती का, तिचा उद्योगात उपयोग होऊ शकतो का आणि वर्णन वाचून जाणकार ती वस्तू बनवू शकेल का, हे तो जुन्या पेटंटांशी व प्रकाशित साहित्याशी ताडून पाहतो. अमेरिकेत पूर्वी अर्जासोबत प्रतिकृती द्यावी लागे, पण ती सरसकट सक्ती १८८० मध्येच संपली. निरंतर गतीच्या, म्हणजे बाहेरून ऊर्जा न घेता कायम चालणाऱ्या, यंत्रासारखा उघड अशक्य दावा असेल तर परीक्षक पुरावा मागतो, हे खरे. पण केवळ कागदावर शक्य दिसणाऱ्या गोष्टीसाठी तो प्रयोगशाळेत जात नाही. म्हणूनच प्रसूती सुलभ व्हावी यासाठी गर्भवतीला टेबलावर बांधून वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्राला १९६५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळू शकले. रक्ताच्या थेंबभर नमुन्यावर असंख्य चाचण्या करण्याचे आश्वासन देणाऱ्या थेरानॉस या कंपनीकडे तर पेटंटांचा मोठा साठा होता. तिचे तंत्र सांगितल्याप्रमाणे काम करत नव्हते, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने तिच्या संस्थापिकेला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवले. त्या पेटंटांनी कल्पना नवी असल्याचे सांगितले होते. रक्ताचा अहवाल बरोबर येईल असे त्यांत कोणीही लिहून दिले नव्हते.

दुसरे विधान सुरक्षिततेचे. ते ठरवण्याचे काम वैद्यकीय उपकरणांच्या नियामकाचे असते आणि त्याचा पेटंट कार्यालयाशी संबंध नसतो. पेसमेकरचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. शरीरात बसवता येणाऱ्या पेसमेकरसाठी विल्सन ग्रेटबॅच यांनी १९६० मध्ये अमेरिकेत अर्ज केला आणि १९६२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पण वैद्यकीय उपकरणे बाजारात येण्यापूर्वी तपासण्याची सर्वंकष कायदेशीर व्यवस्था त्या देशात १९७६ मध्ये आली. मधल्या चौदा वर्षांत पेटंट होते, ती व्यवस्था नव्हती. त्याआधी, १९५८ मध्ये, स्वीडनमध्ये ज्या रुग्णाच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला, त्याचे ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत तो २००१ पर्यंत जगला. या उपकरणावरचा विश्वास अशा दशकांच्या अनुभवातून, बिघाडांतून आणि दुरुस्त्यांतून मिळवलेला आहे. शिवाय पेटंटची मुदत साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. ती संपली म्हणून चांगले उपकरण दुसऱ्या दिवशी धोकादायक होत नाही, यावरूनही या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत ते कळते.

गुप्ततेचे विधान मला सर्वांत घातक वाटते, कारण ते वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. पेटंट हा एक सौदा आहे : संशोधकाने आपली रचना जगासमोर उघड करायची आणि त्या बदल्यात काही काळ इतरांना ती वापरण्यापासून रोखण्याचा अधिकार घ्यायचा. साधारण १८ महिन्यांत अर्ज प्रसिद्ध होतो आणि तो कोणीही वाचू शकतो, चोरसुद्धा.

गुप्तता राखल्याने तरी गाडी वाचते का? गाड्यांच्या आणि गॅरेजच्या रिमोटमध्ये वापरल्या गेलेल्या कीलॉक या पद्धतीभोवती पेटंटे होती, तर तिच्या सांकेतिकीकरणाचे, म्हणजे संदेश गुप्त संकेतांत बदलण्याच्या रीतीचे, तपशील गोपनीय ठेवलेले होते. ते तपशील २००६ मध्ये फुटले. २००७ मध्ये संशोधकांनी त्या सांकेतिकीकरणावरचे हल्ले मांडले आणि २००८ मध्ये जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी चिप चालताना वीज कशी खर्च होते हे मोजून तिच्यातली गुप्त किल्ली, म्हणजे संकेत उलगडणारा गुप्त आकडा, काढून दाखवली. कुलपाची रचना शत्रूला ठाऊक आहे असे धरूनच ते बनवावे आणि सारी भिस्त किल्लीवर ठेवावी, हे तत्त्व सांकेतिक लेखनाचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. चिपवरच्या हल्ल्याहून साधा हल्ला झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. खिशातल्या चावीचे संकेत त्यांनी फक्त उचलले आणि दूर उभ्या असलेल्या गाडीपर्यंत पोहोचवले. आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांपैकी प्रत्येक गाडी उघडली आणि सुरूही झाली. सांकेतिकीकरण मोडायची गरजच पडली नाही. शरीरात बसवलेल्या डिफिब्रिलेटरच्या (विजेचा झटका देऊन हृदयाची लय सावरणाऱ्या उपकरणाच्या) बिनतारी दुव्यातून त्याच्या सेटिंग बदलता येतात, हेही संशोधकांनी २००८ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले होते. असे छिद्र आहे का, हे शोधणे पेटंट परीक्षकाच्या कामात बसतच नाही.

उरले ‘जागतिक पेटंट’. असे पेटंट अस्तित्वातच नाही. १९७८ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार्य करारानुसार एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करता येतो, पण मंजुरी त्या त्या देशाचे किंवा प्रादेशिक कार्यालय देते. शिवाय पेटंट इतरांना रोखण्याचा अधिकार देते. वस्तू विकण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. संदेशासोबत क्रमांक दिला असेल तर त्याच्या शेवटचे अक्षर आवर्जून पाहावे : अमेरिकेच्या आणि युरोपच्या सध्याच्या पद्धतीत ‘ए’ म्हणजे केवळ प्रसिद्ध झालेला अर्ज आणि ‘बी’ म्हणजे मंजूर पेटंट.