स्टेफानो गेला आणि मजा गेली

'द इव्हिल विदिन २' हा भीतीचा व्हिडिओ गेम पहिल्या भागापेक्षा सगळ्याच बाबतीत सरस, असं एका लेखात म्हटलंय. मला निम्मंच पटलं. २०१४ च्या पहिल्या भागात स्क्रीनवर वर-खाली काळ्या पट्ट्या होत्या, जीव गुदमरायचा. २०१७ च्या या भागात युनियन गावात मोकळं फिरता येतं, ते भारीच. शिवाजी पेठेतली आमची खोली, बाहेर धो धो पाऊस, कानात हेडफोन, आणि गेममधल्या एका घरात ती गुणगुणणारी भुताटकी बाई मागं लागली... भावा, शेजारचा चहाचा कप पालथा! तिच्यापुढं बंदूक चालत नाही, नुसतं लपायचं. असली भीती पुढं फारशी भेटत नाही, हीच माझी तक्रार.

मरणाचा क्षण गोठवून त्याचा फोटो काढणारा स्टेफानो म्हणजे नाद खुळा खलनायक. पण त्याला मधेच संपवलाय, आणि नंतरचा खलनायक थिओडोर नुसता प्रवचन देतो.

बंदुकीच्या गोळ्यांचं गणित मात्र झकास. वर्कबेंचवर, म्हणजे गेममधल्या कामाच्या टेबलावर, बनवल्या तर सामान कमी लागतं, रस्त्यात बनवल्या तर जास्त. मी घाबरून रस्त्यातच बनवत बसलो आणि शेवटी चाकूवर आलो.